रहस्यकादंबरीकार आणि प्रकाशनाची वाट

रहस्यकादंबरीविषयी मराठी टीकेने जे थोडेफार लिहिले आहे, त्यात दोनच प्रश्न फिरून फिरून आढळतात. या लेखनाला वाङ्मय म्हणावयाचे की नाही, हा एक. आणि वाचकाच्या अभिरुचीवर त्याचा परिणाम काय होतो, हा दुसरा. दोन्ही प्रश्न पुस्तक वाचकाच्या हाती पडल्यानंतरचे आहेत. ते हाती पडते कसे, लेखकाच्या मेजावरून निघालेले हस्तलिखित कोणाच्या संमतीने छापखान्यात जाते आणि कोणाच्या संमतीने फळीवर येते, हा प्रश्न टीकेने व्यवहाराचा म्हणून ग्रंथविक्रेत्याकडे सोडून दिला. काव्याच्या बाबतीत ही उपेक्षा एक वेळ चालून जाईल. रहस्यकादंबरीच्या बाबतीत ती चालत नाही. कारण या प्रकाराची लांबी, त्याचे नायक, त्याच्या प्रकरणांची ठेवण, इतकेच नव्हे तर त्याचे दोषसुद्धा पुष्कळ अंशी या वाटेनेच घडविले आहेत.

अलीकडच्या काळात ही वाट कशी असते हे पाहावयाचे तर अश्विन संघी यांचे उदाहरण घ्यावे. ते इंग्रजीत लिहितात, परंतु मुंबईचे. १९६९ साली एका व्यापारी मारवाडी कुटुंबात त्यांचा जन्म झाला, येल विद्यापीठात त्यांनी व्यवस्थापनशास्त्राचे शिक्षण घेतले आणि पुढे ते कुटुंबाच्या व्यवसायात पडले. लेखनावर पोट अवलंबून नसलेला हा लेखक. येशू ख्रिस्त क्रूसावर मरण पावला नाही, तो पूर्वेकडे आला आणि श्रीनगरातील रोझाबल येथील समाधी त्याचीच होय, ही जुनी आख्यायिका त्यांनी घेतली आणि तिच्याभोवती ‘द रोझाबल लाइन’ ही कादंबरी रचली. तिला आलेल्या नकारांची संख्या ४७ होती, असे त्यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. अखेर २००७ साली त्यांनी लुलु या अमेरिकन संस्थेमार्फत ती स्वतःच प्रसिद्ध केली. मागणी येईल तशी एकेक प्रत छापून द्यावयाची, अशी या संस्थेची पद्धत. लेखक म्हणून मुखपृष्ठावर नाव होते शॉन हेगिन्स. हे नाव म्हणजे ‘अश्विन संघी’ या नावातील इंग्रजी अक्षरांची केवळ उलथापालथ आहे. रहस्यकादंबरीकाराने पहिले कोडे पुस्तकाच्या आत न घालता मुखपृष्ठावर घालावे, ही गंमत खरी. परंतु त्या कोड्याचे उत्तर एक गोरे नाव निघावे, हे अधिक बोलके आहे. पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, वेस्टलँड या भारतीय प्रकाशनसंस्थेने ती कादंबरी लेखकाच्या खऱ्या नावाने काढली. २०१० मध्ये ‘चाणक्याज चांट’ आली, ती विलक्षण खपली, आणि त्यानंतर संघींना दार ठोठावण्याची गरज उरली नाही.

ही कथा चिकाटीचा धडा म्हणून पुष्कळदा सांगितली जाते. चिकाटी होतीच. पण चिकाटीने फार तर हस्तलिखित जिवंत राहते. त्याला फळी मिळत नाही. लुलुने संघींचे पुस्तक छापले, प्रकाशित केले असे म्हणता येणार नाही. अमेरिकेत मागणीनुसार छापलेली प्रत भारतीय वाचकाला महाग पडणार, आणि ती मुंबईच्या किंवा बंगळूरच्या दुकानात जाता-येता दिसणार नाही ती नाहीच. मुद्रण आणि प्रकाशन यांमधील हे अंतर या प्रकाराच्या बाबतीत निर्णायक ठरते. कवितासंग्रह दोनशे रसिकांच्या हाती गेला तरी तो प्रकाशित झाला असे आपण मानतो. रहस्यकादंबरीला अनोळखी वाचक लागतो. प्रवासाला निघालेला, वेळ घालवू पाहणारा, लेखकाचे नाव न ऐकलेला वाचक जेथे सहज हात घालील त्या फळीवर ती असावी लागते.

आणि इंग्रजीतील ती फळी भारतात रिकामी कधीच नव्हती. जेम्स हॅडली चेस, अगाथा ख्रिस्ती, अ‍ॅलिस्टर मॅक्लीन, फोर्सिथ यांनी ती दाटीवाटीने भरलेली होती. पदपथावरील जुन्या पुस्तकांच्या ढिगांत तर चेसखेरीज हात जाईना. भारतीय इंग्रजी कादंबरीला १९८१ नंतर, आणि १९९७ नंतर विशेष, जी प्रतिष्ठा लाभली, ती गंभीर कादंबरीची होती. शशी वारियर यांची ‘नाइट ऑफ द क्रेट’ १९९६ मध्ये आली, तशी एखादी कृती अपवाद म्हणून दाखविता येते. अपवादाने फळी बनत नाही. स्वस्त आणि मोठ्या प्रमाणावर खपणारी भारतीय इंग्रजी कादंबरी शक्य आहे, हे २००४ मध्ये चेतन भगत यांच्या पहिल्या पुस्तकाने ९५ रुपये किंमत ठेवून सिद्ध केले. पण ते पुस्तक महाविद्यालयीन जीवनाचे. थरारकथेची जागा परक्यांकडेच होती. संघींना मिळालेल्या नकारांकडे या पार्श्वभूमीवर पाहिले म्हणजे त्यांत विपरीत काही वाटत नाही.

देशी भाषांत गोष्ट निराळी होती. तेथे रहस्यकादंबरीकाराला ताटकळत बसावे लागले असे सहसा दिसत नाही. उलट प्रकाशकच त्याच्या मागे असे. सुरेंद्र मोहन पाठक यांनी इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजमधील नोकरी सांभाळून १९६३ पासून हिंदीत शेकड्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. उर्दूत इब्ने सफी यांची ‘जासूसी दुनिया’ १९५२ साली अलाहाबादेहून निघू लागली. कन्नडात एन. नरसिंहय्या यांनी पत्तेदार पुरुषोत्तम या नायकाला घेऊन शेकडो पुस्तके लिहिली. मराठीत बाबूराव अर्नाळकर, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांच्या पुस्तकांची संख्या हजारावर सांगितली जाते, आणि काळापहाड, झुंजार, धनंजय ही नावे एका पिढीच्या तोंडी होती. गुरुनाथ नाईक यांचाही आकडा तसाच हजाराच्या घरातला. ही सुपीकता प्रतिभेची की घाईची, यावर वाद घालता येईल. तिच्यामागे जी यंत्रणा होती तिच्याविषयी वादाला जागा नाही. हिंदीला रेल्वे स्थानकावरचा ठेला होता, उर्दूला मासिकाची वर्गणी होती, आणि मराठीला गल्लीतले वाचनालय होते.

या वाचनालयाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. अनामत ठेवावी, महिन्याची वर्गणी किंवा दिवसाचे भाडे द्यावे आणि पुस्तक घरी न्यावे, हा त्याचा व्यवहार. चालक पुस्तक विकत घेई ते ते किती वेळा फिरेल याचा अंदाज बांधून. ज्या पुस्तकाला परत यावयास पंधरा दिवस लागतात ते त्याच्या दृष्टीने आतबट्ट्याचे. जे एका रात्रीत वाचून सकाळी परत येते ते सोन्याचे. अर्नाळकरांची कथा एका बैठकीत संपण्याइतकी आटोपशीर का असे, तिच्यात पहिल्याच पानावर प्रेत का पडे, आणि नायक पुस्तकामागून पुस्तकात तोच का राही, याचे उत्तर शोधताना या हिशेबाकडे दुर्लक्ष करून भागणार नाही. वाचकाने पुढचे पुस्तक नावाने मागावे यासाठी नायक कायम ठेवावा लागतो. लेखकाच्या नावापेक्षा ‘झुंजार आला का?’ हा प्रश्न चालकाला अधिक उपयोगी पडे. परकी कथानके देशी वेषात आणण्याची या लेखकांची सवय टीकाकारांनी वारंवार दोष म्हणून दाखविली आहे. ती दोषच आहे. पण महिन्याला ठरावीक संख्येने पुस्तके मागणाऱ्या व्यवस्थेत ती उगवली, हेही त्याबरोबर सांगितले पाहिजे.

बंगालीत असे का झाले नाही, हा प्रश्न येथे कोणीही विचारील. शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश १९३२ पासून आणि सत्यजित राय यांचा फेलूदा १९६५ पासून ज्या वाटेने आला ती नियतकालिकांची वाट होती, आणि पूजा अंकात गंभीर कादंबरीच्या शेजारी गुप्तहेरकथा बसू शके. मराठीतही दिवाळी अंकांची परंपरा तितकीच समृद्ध. पण अनंत अंतरकर यांच्यासारख्या जाणत्या संपादकानेही वाङ्मयासाठी ‘हंस’, विनोदासाठी ‘मोहिनी’ आणि अद्भुत व रहस्यासाठी ‘नवल’ अशी तीन घरे वेगळी बांधली. तिन्ही घरे आस्थेने चालविलेली होती यात शंका नाही. तरीसुद्धा ‘हंस’चा लेखक आणि ‘नवल’चा लेखक वेगळा ओळखला जाऊ लागला, आणि ही ओळख पुढे पुसणे कठीण झाले. सुहास शिरवळकर यांनी दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी असे नायक निर्माण करून एका तरुण पिढीला वाचावयास लावले. आज त्यांचे नाव निघते ते १९८२ मधील ‘दुनियादारी’साठी. ती रहस्यकादंबरी नव्हे, एवढे एक कारण त्यास पुरेसे झाले असावे.

दूरदर्शनचा प्रसार, मग केबल, मग वाढते घरभाडे, यांनी गल्लीतली वाचनालये एकामागून एक मिटली. मराठी रहस्यकादंबरीकाराची वाट त्याच सुमारास मोडली. नव्या वाटेचा आरंभ जेथे झाला ते ठिकाण मराठी मुलुखापासून दूर आहे.

बंगळूरच्या आग्नेयेस कोरमंगला ही आखीव रस्त्यांची, क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या विभागांची वसाहत आहे. साहित्याच्या इतिहासात तिचे नाव यावे असे तेथे पूर्वी काही नव्हते. २००७ साली तेथील दोन शयनगृहांच्या एका सदनिकेत सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल या दोन तरुण अभियंत्यांनी फ्लिपकार्ट हे संगणकावरून चालणारे पुस्तकांचे दुकान उघडले. दोघेही दिल्लीच्या आय.आय.टी.चे, आणि नाते नसता आडनाव एकच. सुरुवातीचे भांडवल चार लाख रुपयांच्या आसपास होते. पहिली मागणी आली ती महबूबनगरहून, म्हणजे मोठ्या ग्रंथदुकानांच्या टप्प्याबाहेरील एका जिल्ह्याच्या गावाहून. आणि मागितलेले पुस्तक जवळ नसल्यामुळे ते शहरभर शोधून पाठवावे लागले. आरंभी हे दोघे शहरातील एका नामांकित ग्रंथदुकानाबाहेर उभे राहून गिऱ्हाइकांना पुस्तकखुणा वाटीत असत. आज तो व्यवसाय पुस्तकांपासून फार लांब गेला आहे, २०१८ मध्ये त्याचा मोठा हिस्सा वॉलमार्ट या अमेरिकन कंपनीने घेतला, आणि कोरमंगलातील ते बिऱ्हाडही मागे पडले. ग्रंथव्यवहाराच्या दृष्टीने महत्त्व आहे ते त्या पहिल्या चार-पाच वर्षांना.

या दुकानाला फळी नव्हती, हेच त्याचे वैशिष्ट्य. विटामातीच्या दुकानात जागा मोजकी असते. नवख्याचे पुस्तक आले तर ते कणा दिसेल असे कोपऱ्यात लागते आणि काही आठवड्यांत वितरकाकडे परत जाते. सूचीतले पुस्तक परत जात नाही, कारण ते आलेलेच नसते. मागणी आली की ते वितरकाकडून उचलावयाचे, एवढाच व्यवहार. त्यामुळे प्रथमच लिहिणाऱ्याचे नाव आणि चेसचे नाव एकाच पानावर सारख्याच आकाराच्या अक्षरांत येऊ लागले. २०१० मध्ये पुस्तक हाती पडल्यावर रोख पैसे देण्याची सोय झाली, तेव्हा पतपत्र नसलेला, लहान गावातला, बहुधा तरुण वाचकही या व्यवहारात आला. पुस्तक निघण्यापूर्वीच मागणी नोंदविण्याची प्रथा पडली आणि प्रकाशकाला खपाचा अंदाज छपाईच्या आधी मिळू लागला. थरारकथेला हवा असलेला अनोळखी वाचक तो हाच.

संघी यांचे यश कोरमंगलातील त्या सदनिकेने घडविले असे म्हणणे मात्र अतिशयोक्तीचे होईल. त्यांना उचलले वेस्टलँडने, आणि वेस्टलँडची पाळेमुळे चेन्नईच्या ग्रंथवितरणाच्या धंद्यात होती. याच संस्थेने २०१० मध्ये अमीश त्रिपाठी यांच्या ‘द इम्मॉर्टल्स ऑफ मेलुहा’ला बाजार दाखविला; त्या पुस्तकालाही आधी प्रकाशकांचे अनेक नकार मिळाले होते, आणि त्याचे पहिले प्रकरण दुकानादुकानांतून फुकट वाटण्यात आले होते. नामांकित संपादकांच्या दारातून परतलेली पुस्तके वितरकाच्या घरात ओळखली गेली, हा योगायोग नव्हे. पुस्तक कसे फिरते हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्याच दृष्टीला त्या पुस्तकाचा वाचक दिसतो. गल्लीतल्या वाचनालयाच्या चालकात आणि या वितरकात या एका गुणाचे साम्य आहे.

भेद आहे तो पुस्तकाच्या देहात दिसतो. भाड्याने फिरणारी कथा सडपातळ असे. विकत घ्यावयाची कादंबरी पैशाचा मोबदला वजनाने देते. संघी यांच्या कादंबऱ्या जाडजूड आहेत. त्यांत इतिहास, पुराणे, धर्मशास्त्र, शस्त्रे, वंशावळी यांची माहिती इतकी ठासून भरलेली असते की पाठलागाला मधून मधून थांबावे लागते. ही माहिती वाचकाला ‘काही शिकलो’ असे समाधान देते, आणि कदाचित विकत घेतल्याचे समर्थनही. कलेच्या दृष्टीने तिने वेग मंदावतो. अर्नाळकरांच्या कथेत उसंत नसे म्हणून पात्रे उमटत नसत. येथे उसंत आहे, पण ती ज्ञानकोशाने घेतली आहे. पात्रे दोन्हीकडे सारखीच पातळ राहिली.

बंगळूरच्याच अनिता नायर यांची वाट यांहून निराळी होती. ‘लेडीज कूपे’सारख्या कादंबऱ्यांनी नावलौकिक मिळाल्यानंतर त्या २०१२ मध्ये ‘कट लाइक वूंड’ घेऊन गुन्हेकथेकडे वळल्या. निरीक्षक बोरेई गौडा हा त्यांचा पोलीस अधिकारी थकलेला, चिडका, स्वतःच्या संसारात अवघडलेला माणूस आहे, आणि शहर त्याच्या अंगाला चिकटलेले आहे. नायर यांना दार ठोठवावे लागले नाही, म्हणून फळीची मर्जी सांभाळण्याचीही निकड नव्हती. पात्र रेखाटण्यास त्यांनी लागेल तितका अवकाश घेतला. गंभीर कादंबरीतून गुन्हेकथेत येणाऱ्याला ही मोकळीक मिळते. उलट दिशेने जाणाऱ्या शिरवळकरांना ती मिळाली नाही.

मराठीत आज काय आहे? ग्रंथदुकानातील रहस्यकथेची फळी रिकामी नाही. डॅन ब्राउन, रॉबिन कुक आणि त्यांचे सांगाती उत्तम छपाईच्या मराठी अनुवादांतून तिच्यावर बसले आहेत. अनुवादकांनी हे काम निष्ठेने केले, आणि वैद्यकीय वा तांत्रिक तपशिलासाठी मराठी गद्य त्यांच्या हाताखाली लवचीक झाले, हे मान्य केले पाहिजे. पण परिणाम असा, की इंग्रजीत लिहिणाऱ्या भारतीय लेखकाची जी कोंडी २००७ पूर्वी होती, तीच आज मराठीत लिहिणाऱ्याची झाली आहे. अनुवादाचे पुस्तक परदेशात खपून सिद्ध झालेले असते. नव्या मराठी लेखकाचे हस्तलिखित असे कोणतेही प्रमाणपत्र घेऊन येत नाही. प्रकाशकाने पहिल्याची निवड करावी यात व्यवहार म्हणून गैर काही नाही.

या कोंडीतून निघालेली वाट पुन्हा बंगळूरलाच जाऊन मिळते. २०१४ साली सुरू झालेली प्रतिलिपी ही संस्था तेथीलच. मराठीसह अनेक भारतीय भाषांत कोणीही लेखकाने आपली कथा भागाभागाने ठेवावी आणि वाचकाने ती हातातल्या फोनवर वाचावी, ही तिची योजना. भय, रहस्य, सूड यांच्या मालिका तेथे मराठीत शेकड्यांनी आहेत. अ‍ॅमेझॉनने आपल्या ताब्यात घेतलेली वेस्टलँड २०२२ मध्ये बंद केली, तेव्हा तिच्या संपादकमंडळाला आसरा दिला तोही प्रतिलिपीनेच. संघींना उचलणारी संस्था अशा रीतीने मराठी भयमालिका लिहिणाऱ्या अनामिकांच्या शेजारी येऊन बसली.

येथे संपादक नाही, पुठ्ठा नाही, लांबीला मर्यादा नाही. वाचकाने उद्याही यावे यासाठी प्रत्येक भागाच्या शेवटी पाऊल अधांतरी ठेवावे लागते, आणि मालिका लोकप्रिय असेल तर खुनी सापडणे लेखकाला परवडत नाही. अर्नाळकरांच्या खुन्याला उजाडण्यापूर्वी सापडावे लागे, कारण सकाळी पुस्तक परत करावयाचे असे. या खुन्याला शंभर भाग मोकळीक आहे. भाषा पुष्कळदा ढिली, संवाद दूरचित्रवाणीच्या मालिकेतून उचललेले. पण मधेच एखाद्या तालुक्याच्या गावचे पोलीस ठाणे, एखादा बंद साखर कारखाना, एखादी रात्रीची एस.टी. अशी उमटते की छापील मराठी रहस्यकथेत ती क्वचितच दिसावी. यांतील निवडक लेखन हाती घेऊन, कापून, सुधारून त्याचे पुस्तक करणारा संपादक मराठीत पुढे येणे अवघड नाही. टीकेपुढची अडचण अधिक साधी आहे. परीक्षणासाठी पुस्तकाच्या दोन प्रती पाठवाव्यात, असा मराठी नियतकालिकांचा परिपाठ आहे, आणि या कादंबऱ्यांची प्रतच निघत नाही.